मेहंदी आणि तपकिरी : वडगावच्या मागावरील एका चुकीचा अभ्यास

बेळगाव शहराच्या दक्षिण भागात वडगाव, शहापूर आणि खासबाग या वस्त्यांमधून आजही यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. कानडी आणि मराठी बोलणारी विणकर कुटुंबे येथे भिंतीला भिंत लावून राहतात आणि बऱ्याच घरांत राहण्याची जागा व मागाची जागा यांच्यामध्ये एका दाराचेच अंतर असते. अशाच एका मराठी घरात घडलेल्या घटनेची ही नोंद आहे. कुटुंबाच्या संमतीने ती लिहिली असून नावे, गल्ली आणि वर्ष मुद्दाम वगळले आहे. वरवर पाहता हे बिघडलेल्या साड्यांचे आणि कापलेल्या मजुरीचे साधे भांडण होते. परंतु एका माणसाला आतून काय दिसते हे दुसऱ्याला कसे कळावे आणि ज्याला वेगळे दिसणे शक्यच नव्हते त्याला दोष किती द्यावा, हे तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी अनेक वर्षे शिकवलेले दोन प्रश्न त्या भांडणात इतके एकमेकांत गुंतले होते की एकाचे उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालता येत नव्हता.

घटना अशी. तेवीस वर्षांचा एक तरुण आपल्या मामांच्या घरी मागावर काम करतो. रात्रपाळीत दोन माग त्याच्याकडे असतात. लग्नसराईच्या तोंडावर मेहंदी रंगाचे अंग आणि मरून काठ अशा साड्यांचे काम चालू होते. अशा साध्या मागावर आडव्या सुताची कांडी संपली की माग थांबवून धोट्यात, म्हणजे ते सूत या काठापासून त्या काठापर्यंत नेणाऱ्या साधनात, हाताने नवी कांडी घालावी लागते आणि एका रात्रीत हे शेकडो वेळा होते. एरवी त्याच्या डाव्या हाताला एकाच रंगाच्या कांड्यांचे खोके ठेवलेले असे. त्या संध्याकाळी खोकी कमी पडली म्हणून कांड्या भरणाऱ्या बाईने आधीच्या कामातल्या उरलेल्या तपकिरी कांड्या आणि दोन-तीन गडद निळ्या कांड्या त्याच खोक्यात टाकल्या. सकाळी मामांनी अंगणात उन्हात साड्या घडी घालायला घेतल्या, तेव्हा पाचही साड्यांच्या अंगात चार-चार बोटे रुंदीचे तपकिरी पट्टे निघाले. एका साडीत त्यांच्या जोडीला एक निळा पट्टाही होता. या निळ्या पट्ट्याकडे तेव्हा कोणाचेही वेगळे लक्ष गेले नाही, पण प्रकरणाचा निकाल पुढे त्याच्यावरच लागला.

"डोळे उघडे ठेवून विणत होतास की मोबाईल बघत होतास?" असे मामांनी विचारले. तरुणाचे उत्तर होते, "बघूनच घालायलो होतो की मामा. मला सगळं एकच दिसायलं होतं." घरातल्या सर्वांनी हे उत्तर उर्मटपणाचे मानले. पाच साड्यांचे नुकसान मजुरीतून कापायचे ठरले आणि तरुणाने कामावर जाणे बंद केले. त्याची थोरली बहीण माझी विद्यार्थिनी होती, ती आता खानापूर तालुक्यात सासरी असते. "सर, तो खोटं बोलत नाही, पण तो काय बोलतोय ते आम्हाला कळेना झालंय," असे तिने सांगितले, आणि त्या एका वाक्यामुळे मी या प्रकरणात लक्ष घातले.

पहिली पाहणी घराच्या अंगणातच झाली. रंगवलेल्या सुताच्या लहान लडी सतरंजीवर पसरून त्याला सारख्या रंगाच्या लडी एकत्र ठेवायला सांगितले. या पद्धतीला जुना आधार आहे. १८७५ साली स्वीडनमध्ये लागेरलुंदा येथे दोन आगगाड्यांची टक्कर होऊन नऊ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर फ्रिथिओफ होल्मग्रेन या शरीरशास्त्रज्ञाने, चालकाला सिग्नलचे रंग ओळखता आले नसावेत या तर्काने, लोकरीच्या रंगीत लडी निवडायला लावण्याची चाचणी रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी रूढ केली. विणकराच्या घरात या चाचणीचे साहित्य मागावे लागत नाही.

त्याने पिवळ्या, निळ्या आणि पांढऱ्या लडी क्षणात वेगळ्या काढल्या. मेहंदी, तपकिरी आणि विटकरीकडे झुकणारी एक लडी मात्र त्याने एका ढिगात ठेवली, आणि मळकट गुलाबी लडी राखाडीच्या शेजारी गेली. मामा तोंड उघडणार तोच त्याने त्या पहिल्या ढिगातल्या लडी गडद ते फिकट अशा क्रमाने लावायला सुरुवात केली, आणि हा क्रम इतका अचूक होता की स्वतः मामांनाही तो तसा लावता आला नाही. मध्येच एक लडी चिमटीत चोळून तो म्हणाला, "ही खरबरीत लागते, म्हणजे ही तपकिरी असणार." ते बरोबर होते. म्हणजे रंग सोडून सुताच्या बाबतीतले बाकी सगळे त्याला इतरांपेक्षा अधिक कळत होते, आणि ज्याला घरचे निष्काळजीपणा म्हणत होते त्या जागी वर्षानुवर्षांची विलक्षण काळजी होती.

पुढे नेत्रतज्ज्ञांकडे तपासणी झाली. शिनोबू इशिहारा या जपानी नेत्रतज्ज्ञाने १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या ठिपक्यांच्या पट्ट्या तेथे वापरल्या जातात. रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे इतरांना सहज दिसतात, ते यातल्या बहुतेक पट्ट्यांवर याला दिसले नाहीत. निदान लाल-हिरव्या रंगांधत्वाचे झाले, आणि त्यातही हिरव्या बाजूची उणीव असलेल्या प्रकाराचे. माणसाच्या दृष्टिपटलात शंकूच्या आकाराच्या पेशी तीन प्रकारच्या असतात आणि सुमारे ४२०, ५३० व ५६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला त्या अनुक्रमे सर्वाधिक प्रतिसाद देतात. रंग ठरतो तो या तिघींच्या प्रतिसादांच्या तुलनेतून. मधल्या प्रकारच्या पेशींतले रंगद्रव्य नसले किंवा बदललेले असले, तर मधल्या आणि तिसऱ्या प्रकारांतली तुलनाच पुसट होते, आणि मेहंदी व तपकिरी हे रंग नेमके त्या तुलनेवर वेगळे ठरत असल्यामुळे ते एक होऊन जातात. निळा रंग पहिल्या प्रकारच्या पेशींवर अवलंबून असल्याने तो शाबूत राहतो. उजेड कमी असला की अडचण वाढते. रात्रपाळीच्या दिव्याखाली मेहंदी-तपकिरी ओळखण्याची अपेक्षा या डोळ्यांकडून करता येत नव्हती, हा आता मताचा प्रश्न उरला नाही.

ही उणीव आनुवंशिक असून तिची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. पुरुषाला एकच एक्स गुणसूत्र मिळते आणि ते आईकडून येते, त्यामुळे हा दोष मुख्यतः पुरुषांत आढळतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचे प्रमाण सुमारे ८ टक्के, स्त्रियांत सुमारे अर्धा टक्का आहे, आणि भारतीय पुरुषांत ते त्याहून कमी आढळते. हे समजावून सांगत असताना मामा एकदम गप्प झाले आणि मग म्हणाले, "आमचे आप्पा कधी स्वतः कांडी उचलत नव्हते. आई द्यायची, मग ते घालायचे. आम्हाला वाटायचं, लाड चाललेत." आप्पा म्हणजे या तरुणाच्या आईचे वडील. त्यांच्याकडून ते गुणसूत्र मुलीला मिळाले आणि तिच्याकडून नातवाला. मुलग्याला वडिलांचे एक्स गुणसूत्र मिळत नसल्यामुळे मामा स्वतः त्यातून सुटले. तरुणाची आई मात्र हे ऐकून रडू लागली, "म्हणजे माझ्याकडून गेलं." दोष कोणाचा, या प्रश्नाने घरात किती खोल घर केले होते ते त्या वेळी दिसले. मुलगा निर्दोष ठरताच दोष आईकडे सरकला. वाहक असणे, म्हणजे दुसरे एक्स गुणसूत्र चांगले असल्यामुळे स्वतःला दोष न जाणवता तो पुढच्या पिढीला देऊ शकणे, ही तिने केलेली गोष्ट नव्हती, तिला ती माहीतही नव्हती, आणि कोणत्याही क्षणी तिला त्यात निवड करता आली नव्हती. हे तिला सांगितले, पण एका बैठकीत ते पटणारे नव्हते.

तेवीस वर्षे ही गोष्ट कोणाला, त्याला स्वतःलासुद्धा, कळली कशी नाही? इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९० साली असा प्रश्न मांडला होता की एकाच्या मनात जांभळ्या व्हायोलेट फुलाने जी संवेदना उमटते तीच दुसऱ्याच्या मनात झेंडूने उमटत असेल, तर ते दोघांना कधी कळेल काय? दोघेही झेंडूला झेंडूचा रंग म्हणतील आणि व्यवहार अडणार नाही. आपल्या तरुणाचे प्रकरण याहून वेगळे आहे, कारण त्याची उणीव चाचणीत पकडता येते. तरीही ती इतकी वर्षे लपून राहिली, कारण रंगांची नावे आपण वस्तूंना जोडून शिकतो. पान हिरवे, रक्त लाल, माती तांबडी, हे त्याला सगळ्यांसारखेच पाठ होते, मराठीत आणि कानडीतही. शाळेत एकदा झाडाचे खोड हिरवे रंगवल्याबद्दल मार बसला, तेव्हापासून तो खडूवरच्या कागदावर छापलेले नाव वाचून रंग घेऊ लागला. पुढे तो सैन्यभरतीला गेला. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्या गावात आहे तेथे विशीतली बहुतेक मुले एकदा तरी भरतीच्या रांगेत उभी राहतात. पण तो धावण्याच्या चाचणीतच बाद झाला आणि डोळ्यांच्या तपासणीपर्यंत पोहोचलाच नाही. आपल्याला कमी दिसते असे त्याला कधी वाटले नव्हते. इतरांना रंगांची नावे जास्त पाठ आहेत, एवढेच तो समजत होता.

याच्या आधी एका फार मोठ्या माणसाच्या बाबतीत हे घडलेले आहे. अणुसिद्धान्त मांडणारा जॉन डाल्टन १७९२ साली, सव्विसाव्या वर्षी, दिवसा आपल्याला निळसर दिसणारे जिरेनियमचे गुलाबी फूल मेणबत्तीच्या उजेडात लाल दिसते हे पाहून चकित झाला. इतरांना त्यात कसलाही बदल दिसत नव्हता, त्याच्या भावाला मात्र तसाच दिसत होता. १७९४ साली त्याने मँचेस्टरमध्ये यावर निबंध वाचला. डोळ्यातला द्रव निळसर असल्यामुळे असे होत असावे असे त्याला वाटत होते, आणि आपल्या मृत्यूनंतर डोळे तपासून पाहावेत असे त्याने सांगून ठेवले. १८४४ साली तो वारल्यावर डोळे तपासले गेले, तर द्रव स्वच्छ होता. जपून ठेवलेल्या त्या डोळ्यांतील डीएनए १९९५ साली तपासण्यात आले, तेव्हा मधल्या तरंगलांबीचे रंगद्रव्य बनवणारे जनुकच त्याच्याकडे नव्हते असे आढळले. दीडशे वर्षांनी कारण सापडले. पण ते गुलाबी फूल डाल्टनला आतून कसे दिसत होते, हे त्या जनुकाच्या अहवालात नाही आणि असूही शकत नाही. त्याला कोणते दोन रंग वेगळे करता येत नव्हते एवढेच तो अहवाल सांगतो. नेत्रतज्ज्ञांचा कागद आपल्या तरुणाबद्दलही तेवढेच सांगतो. मामांनी त्याला वारंवार विचारले, "मग तुला ते मेहंदीसारखं दिसतं की तपकिरीसारखं?" या प्रश्नाला उत्तर नाही, कारण मामांची मेहंदी आणि मामांचा तपकिरी हे दोन्ही त्याच्याकडे कधी नव्हतेच. जो भेद करता येतो तो बाहेरून मोजता येतो, आणि अनुभव ज्याचा त्याच्यापाशी राहतो. मजुरी कापावी की नाही हे ठरवायला पहिला भाग पुरतो. दुसऱ्या भागाबद्दल त्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तो ठेवला गेला नाही हीच मला या प्रकरणातली खरी इजा वाटते.

इथे प्रकरण संपले असते तर ते सोपे होते. तरुणाची बाजू घेणाऱ्या चुलतभावाने, जो पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, एकदम पुढचे पाऊल टाकले. त्याचे म्हणणे असे की डोळे जसे जनुकांनी ठरवले तसा मेंदूही ठरवलेलाच आहे, म्हणून कोणालाच कशाबद्दलही दोष देता येत नाही. त्याने मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेटच्या १९८३ सालच्या प्रयोगाचा दाखला दिला. मनगट हलवण्याची इच्छा झाल्याचे माणूस नोंदवतो, त्याच्या सुमारे एक तृतीयांश सेकंद आधीच मेंदूत तयारीचा विद्युतसंकेत सुरू झालेला असतो. त्या संकेताचा अर्थ निर्णय झाला असा घ्यावा की मेंदूतल्या नेहमीच्या चढउतारांचा तो एक भाग आहे, यावर २०१२ नंतर गंभीर मतभेद झाले आहेत. पण तो वाद बाजूला ठेवला तरी हा दाखला मागापाशी फारसा लागू पडत नाही. रात्रीत शेकडो कांड्या बदलणारा हात प्रत्येक वेळी निर्णय घेत नसतोच, आणि तसा कोणाचा दावाही नाही. निर्णय असतात ते पाळी स्वीकारताना, खोके तपासताना, शंका आल्यावर माग थांबवताना.

आणि मग निळा पट्टा होता. निळा रंग या तरुणाला तुमच्याआमच्यासारखाच वेगळा ओळखता येतो, हे अंगणातल्या लडींनी आणि नंतर तपासणीनेही दाखवले होते. त्या एका साडीबद्दल त्याला वेगळे विचारले, तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही आणि मग म्हणाला, "ती दिसली असती. झोप आली होती. पहाटेचा वेळ होता." हे त्याने स्वतःहून कबूल केले, आणि त्या क्षणी घरातले वातावरण बदलले. जो खोटे बोलून सुटू शकत होता तो सुटला नाही, हे मामांनी पाहिले.

चुलतभावाच्या मते यात काही फरक नव्हता, कारण झोपसुद्धा शरीरालाच येते. बारा तासांच्या पाळीत पहाटे चार वाजता डोळा लागणे हेही कारणांचेच फळ आहे, हे खरे. परंतु सगळ्याच गोष्टींना कारणे असतात हे मान्य केल्यावरही कारणांत फरक उरतोच, आणि माझ्या मते जबाबदारीचा प्रश्न त्या फरकावर सुटतो. काही कारणे अशी असतात की सांगून, समजावून, रागावून, लाज वाटून त्यांच्यात बदल होतो. काही अशी असतात की त्यांना काहीही सांगितले तरी ती ढळत नाहीत. "नीट बघ" असे हजारदा सांगितले तरी त्या डोळ्यांतले रंगद्रव्य बदलणार नव्हते, म्हणून तिथे दोष देणे निरर्थक होते, क्रूरही होते. झोपेचे तसे नाही. झोप आली तर माग बंद कर, तोंड धू, मामांना उठव, हे सांगता येते, आणि सांगितलेले ऐकून माणूस वेगळे वागू शकतो. जिथे बोलणे पोहोचते तिथे जबाबदारी पोहोचते. हे वागणेही शेवटी कारणांनीच घडत असेल, पण त्या कारणांमध्ये आपले सांगणे आणि त्याचे ऐकणे हीसुद्धा कारणे आहेत, आणि नियती म्हणून ती यादीतून खोडण्याचा अधिकार आपल्याला नाही.

शेजारचे एक वृद्ध विणकर, जे दर वर्षी आषाढीला पंढरपूरला चालत जातात, त्यांनी या वादात गीतेच्या अठराव्या अध्यायातल्या त्या श्लोकाची आठवण करून दिली ज्यात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे म्हणजे इंद्रिये, निरनिराळ्या चेष्टा, आणि पाचवे दैव. "बघा, डोळा वेगळा धरलाय आणि करणारा वेगळा धरलाय," असे ते म्हणाले. एवढ्या थोडक्यात हा भेद मला वर्गात कधी सांगता आलेला नाही. त्याच ठिकाणी पुढे, एकट्या स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याची बुद्धी कच्ची आहे असेही म्हटले आहे, आणि ते मामांच्या बाजूलाही तितकेच लागू होते. खोक्यात कांड्या मिसळणारी बाई, खोकी वेळेवर न आणणारे मामा, दुखणे लपवायला शिकवणारा शाळेतला तो मार आणि बारा तासांची पाळी, ही सगळी त्या पट्ट्यांत विणली गेली होती.

एक सावधगिरी मात्र येथे नोंदवणे आवश्यक आहे. लागेरलुंदाच्या अपघाताचा पुढे संशोधकांनी पुन्हा अभ्यास केला तेव्हा, रंगांधत्व हेच त्या टकरीचे कारण होते काय, याबद्दलच शंका उपस्थित झाली. एखादे शास्त्रीय कारण हाती लागले की सगळा प्रकार त्याच्याच खुंटीला टांगण्याचा मोह होतो, आणि आपल्या चुलतभावाचे नेमके तेच झाले होते. निळा पट्टा नसता तर कदाचित माझेही झाले असते.

निकाल घरातच झाला. फक्त तपकिरी पट्टे असलेल्या चार साड्यांचे नुकसान मामांनी स्वतःवर घेतले. पाचव्या साडीचे अर्धे नुकसान तरुणाने आपल्या मजुरीतून द्यावे, असे त्याने स्वतःच सुचवले आणि ते मान्य झाले. कामाची पद्धत बदलली. प्रत्येक रंगाच्या कांडीला बुडाशी वेगळ्या संख्येने खाचा पाडल्या जातात, म्हणजे अंधारातही बोटाने कळते. दोन रंग एका खोक्यात ठेवायचे नाहीत, हा नियम आता बाईलाही आहे आणि मामांनाही. पाळी आठ तासांची करण्याचा विषय मात्र निघाला आणि मागे पडला, कारण दुसरा माणूस ठेवणे त्यांना परवडत नाही. माझ्या दृष्टीने ही या निकालातली उणीव आहे आणि ती मी मामांना सांगितली आहे. तरुणाच्या वागण्यात झालेला बदल याहून मोठा वाटतो. पूर्वी तो रंगाबद्दल कोणाला विचारत नसे, आता बिनदिक्कत विचारतो. दृष्टी तीच आहे, तिचे कारणही तेच आहे, पण कारण कळल्यामुळे त्याला करता येण्यासारख्या गोष्टी वाढल्या आहेत.

शिल्लक राहिलेला प्रश्न थोरल्या बहिणीचा आहे. आई वाहक असल्यामुळे तीही वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे, आणि म्हणून तिच्या सहा वर्षांच्या मुलात हा दोष असण्याची शक्यता चारात एक. मुलाची तपासणी करू नये, पोराच्या नावाला उगाच काहीतरी चिकटेल आणि पुढे लग्नाच्या वेळी लोक काढतील, असे तिच्या सासरचे म्हणणे आहे. मामाही, आश्चर्य म्हणजे, त्याच मताचे आहेत. तिने दोघांचे ऐकून घेतले आणि येत्या जूनमध्ये मुलगा दुसरीत जाण्यापूर्वी त्याला घेऊन बेळगावला तपासणीला येणार असल्याचे कळवले आहे. निदान काहीही निघो, ते वर्गशिक्षिकेला लेखी द्यायचे असे तिने ठरवले आहे.